प्रागमध्ये अडीच दिवस, कलादालन एक, इमारती सहा : नेमकं कुठे जावं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस नणंदेकडे व्हिएन्नाला जातोय. तिथून रेल्वेने प्राग, साधारण चार तास. हाताशी अडीच दिवस. जाणार आम्ही तिघी: मी, सासूबाई (वय ७२, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि लेक (वय १९, चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला, तोंड कायम वहीत). पूल, किल्ला, घड्याळ वगैरे होईलच. लेकीचा हट्ट आहे की शहराचं स्वतःचं जे कलादालन आहे ते बघायचं.

आता गंमत ऐका. नकाशात त्या कलादालनाचं नाव टाकलं तर सहा ठिकाणी टाचण्या. एक जुन्या चौकात, एक ग्रंथालयात, एक किल्ल्याच्या मागे कुणा शिल्पकाराच्या बंगल्यात, एक पार प्राणिसंग्रहालयाशेजारी. जहांगीरला जायचं म्हणजे जहांगीरला जायचं, तिथल्या जुन्या समोवार कॅफेच्या आठवणी काढायच्या आणि घरी यायचं, एवढं सोपं गणित मला कळतं. चित्रं बघायला गावभर वणवण कशाला? माझं स्पष्ट मत: शहराचा संग्रह एका छपराखाली असावा. एकदा तिकीट, एकदा चपला झिजवणं.

तर प्रश्न असे. दोनच ठिकाणं जमतील, कुठली निवडू? आईंच्या गुडघ्याला कुठलं झेपेल? आणि लेकीला चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची ती अवाढव्य चित्रं बघायची आहेत, ती यांच्याकडेच आहेत ना?

---

खडूस_आजोबा

अडीच दिवसांत माणसाची तुळशीबाग नीट बघून होत नाही.

---

टिंबटिंब

आजोबा, तुळशीबागेत तरी एकच तिकीट असतं का? :)

ताई, मी तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. सल्ला म्हणून नव्हे, सावध करायला सांगतो. जुन्या चौकात दोन घरं खेटून उभी आहेत. एक गुलाबी-पांढरं, नक्षीदार, लग्नाच्या केकसारखं. दुसरं दगडी, उंच, उघडंबोडकं. मी केककडे गेलो, तिकीट काढलं, आत तासभर फिरलो, बाहेर येऊन बायकोला म्हटलं, झालं शहराचं कलादालन. ती म्हणाली, पाटी वाच. तो किन्स्की राजवाडा. ते राष्ट्रीय कलादालन. शहराचं शेजारचं, दगडी. परत तिकीट काढायची माझी हिंमत झाली नाही.

---

व्लतावाकाठी

बारा वर्षं प्रागमध्ये आहे, त्यामुळे या धाग्यावर थोडं लांबण लावायचा हक्क बजावतो.

टिंबटिंब यांनी केला तो घोळ निम्मे पर्यटक करतात. राष्ट्रीय कलादालन वेगळं, शहर कलादालन वेगळं. आपल्याकडे राज्याचं आणि महापालिकेचं असं दोन असावं, तसं. शहराचं कलादालन १९६३ साली सुरू झालं. नवी इमारत बांधायच्या ऐवजी शहराकडे असलेल्या जुन्या वास्तूच एकेक करून त्याला मिळत गेल्या. म्हणून ही पांगापांग. सध्याची यादी साधारण अशी:

जुन्या चौकातलं 'दगडी घंटेचं घर', हे गॉथिक (मध्ययुगीन). मारियान्स्के चौकातल्या शहर ग्रंथालयाच्या इमारतीतली दालनं (इमारत १९२० च्या दशकातली, म्हणजे यांच्या हिशेबाने कालची). चार्ल्स पुलाच्या तोंडाशी कार्लोवा रस्त्यावरचा कोलोरेडो-मान्सफेल्ड राजवाडा. एक छायाचित्रांचं दालन. किल्ल्याच्या उत्तरेला शिल्पकार फ्रांतिशेक बीलेक याचा बंगला. आणि शहराच्या टोकाला, नदीपलीकडे, ट्रोयाचा प्रासाद. शिवाय प्रागबाहेर खीनॉव्ह या गावी बीलेकचं जुनं घर आहे, तेही यांच्याच ताब्यात.

यातल्या बऱ्याच ठिकाणी कायमचा संग्रह भिंतीवर टांगलेला नसतो, प्रदर्शनं बदलत राहतात. त्यामुळे कुठे काय लागलंय ते निघायच्या आदल्या आठवड्यात पाहा. सोमवार टाळा. ट्रोया फक्त एप्रिल ते ऑक्टोबर उघडं असतं, तुम्ही त्यात बसता.

मुखाचं उत्तर वेगळं देतो, ते लांबलचक प्रकरण आहे. आता लेकीला शाळेतून आणायचंय.

---

अर्धवट_स्थपती

दगडी घंटेच्या घराबद्दल चार ओळी, कारण त्या घराने माझी झोप उडवली होती.

१९६० च्या दशकापर्यंत ते घर चौकातल्या इतर घरांसारखंच दिसायचं. गिलावा, रांगेत खिडक्या, नंतरच्या काळातल्या बरोक पद्धतीचा चेहरा. मग अभ्यासकांनी गिलाव्याखाली चाचपायला सुरुवात केली आणि आत अख्खी चौदाव्या शतकातली गॉथिक दर्शनी भिंत सापडली. उंच टोकदार खिडक्यांच्या कमानी, मूर्तींसाठीचे कोनाडे. मूर्तींचे आणि कोरीवकामाचे हजारो तुकडे त्याच घराच्या भिंतींत भर म्हणून घातलेले. नंतरच्या पिढ्यांनी राजाराणीच्या मूर्ती फोडून त्यांचा डबर केला होता! मग बरोक चेहरा उतरवला, गॉथिक उघडा केला, आणि १९८८ मध्ये घर प्रदर्शनांसाठी खुलं झालं. बोहेमियाची राजकन्या एलिश्का आणि तिचा नवरा लक्झेंबर्गचा योहान इथे राहत असावेत, आणि त्यांचा मुलगा, पुढचा सम्राट चौथा कार्ल, १३१६ साली इथेच जन्मला असावा, असा काही अभ्यासकांचा कयास आहे.

आता माझ्या धंद्यातला वाद. तीनशे वर्षांचा बरोक चेहराही इतिहासच होता ना? तो खरवडून त्याआधीचा इतिहास बाहेर काढायचा, हा निवाडा कुणी करायचा? चौकात उभं राहून मी दोन्ही बाजूंनी भांडलो, स्वतःशीच. भिंतीकडे बघितलं की वाटतं बरं केलं. शेजारची घरं बघितली की वाटतं, या एकाच घराचे कपडे उतरवलेत.

कोपऱ्यावर ती दगडी घंटा आहे, मान वर करून शोधा. दिसते ती प्रतिकृती.

---

सदाशिवपेठी

आमच्याकडे गिलावा खरवडायची गरज पडत नाही, दर पावसाळ्यात आपोआप पडतो.

---

अर्धवट_स्थपती

@सदाशिवपेठी, हसलो, पण विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून हसवेना. १८०७ चा वाडा. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, ती सज्जाची महिरप. आणि इतकी वर्षं आत काय? टपाल, पालिकेची खाती, फायली. प्रागवाल्यांनी आपल्याकडे आहेत ते वाडे घेतले आणि त्यात चित्रं लावली, एवढंच केलं. पुण्याला हे का सुचू नये? विश्रामबाग, नानावाडा, आणि गल्लीबोळांत अजून उभे आहेत ते दोनचार.

---

बिनचूक

सुचू नये, आणि का ते सांगतो. हे असं प्रागच्या नावाने हळहळणं मला पटत नाही. धागाकर्तीच्या मूळ मुद्द्याला माझं अनुमोदन.

जुनी वास्तू चित्रांसाठी बांधलेली नसते. भिंतीत खिळा ठोकता येत नाही, कारण भिंतच संरक्षित. खिडक्यांतून ऊन थेट कॅनव्हासवर. हवेतला दमटपणा काबूत ठेवायची यंत्रं बसवायची तर तुळया कापाव्या लागतात. जिने अरुंद. मग होतं काय, की घराला मानवतील एवढीच आणि अशीच चित्रं तिथे लागतात. कला घराची पाहुणी बनून राहते, यजमान म्हणेल तिथे बसायचं. प्रेक्षक बाहेर येऊन काय सांगतो? छत काय सुंदर होतं! चित्राचं नाव विचारा.

मुखाची चित्रं हेच याचं ढळढळीत उदाहरण आहे. सहा-सहा इमारती हाताशी, आणि शहराच्या सगळ्यात मोठ्या देणगीला त्यातली एकही पुरत नाही.

---

व्लतावाकाठी

बिनचूक यांनी आयताच चेंडू दिला, तर आता मुखा.

'स्लाव महाकाव्य' म्हणजे २० कॅनव्हास, मोठ्यातले मोठे साधारण ६ बाय ८ मीटर. आपल्या दोन मजली घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. मुखाने पॅरिसमध्ये जाहिरातींवर नाव कमावलं, पण हे काम त्याला स्वतःला आयुष्याचं वाटत होतं. चार्ल्स क्रेन नावाच्या अमेरिकन धनिकाने पैसा पुरवला. १९२८ मध्ये, देशाच्या दहाव्या वाढदिवसाला, चित्रं प्राग शहराला दिली. अट एकच: त्यांच्यासाठी इमारत बांधा.

इमारत बांधली गेली नाही. युद्ध आलं, चित्रं गुंडाळून लपवली गेली. १९६३ पासून ती दक्षिण मोराव्हियातल्या मोराव्स्की क्रुम्लॉव्ह या छोट्या गावच्या गढीत लागली, त्या गावाजवळच मुखाचा जन्म. २०१२ मध्ये प्रागला आणली, तेव्हा गावकरी चिडले. २०१७ मध्ये टोकियोला नेली, तिथे सहा लाखांहून जास्त लोक आले. मधल्या काळात मुखाच्या नातवाने कोर्टात धाव घेतली की अट पाळली नाही, तर देणगीच पूर्ण झालेली नाही. २०२१ पासून चित्रं पुन्हा त्याच गढीत.

तेव्हा कोरी_पाटी ताई, चित्रं यांच्याकडे आहेत, पण प्रागमध्ये नाहीत. मात्र तुम्ही व्हिएन्नाहून रेल्वेने येताय ना? गाडी ब्रनोला थांबते. तिथून मोराव्स्की क्रुम्लॉव्ह पस्तीसएक किलोमीटर. सकाळी लवकर निघून मध्ये उतरलात, सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकलंत, तर लेकीचा हट्ट पुरतो आणि संध्याकाळी प्राग. निघण्याआधी चित्रं तिथेच आहेत याची खात्री तेवढी करा, त्यांचा प्रवासयोग दांडगा आहे. आणि प्रागमध्ये मुखाच्या नावाने संग्रहालय दिसलं तर तिथे ही वीस चित्रं शोधू नका, ते खासगी आणि वेगळं आहे.

---

कोरी_पाटी

अहो काका, दंडवत! ब्रनोचं डोक्यातच नव्हतं. लेक खुर्चीवर उभी राहून नाचली. (काका म्हटलं तर चालेल ना?)

---

व्लतावाकाठी

चाळिशी ओलांडली आहे, चालवून घेतो.

---

रंगधानी

गर्दीत मला एकाच घराची वकिली करायची आहे. बीलेकचा बंगला. बाकी काही बघू नका वाटल्यास.

माझा धाकटा भाऊ रंगांध आहे. लाल-हिरव्यात गल्लत. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी त्याचं तपकिरी झाड वर्गाला दाखवून हसं केलं, त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. बीलेकचीही गोष्ट तीच. प्रागच्या अकादमीत चित्रकला शिकायला आला, रंगांचा दोष निघाला आणि गडी शिल्पाकडे वळला. लाकूड, दगड, माती. त्याच्या अर्ध्या कामांत हात आकाशाकडे ताणलेले असतात, कुणी मागतंय, कुणी निरोप घेतंय. किल्ल्यावरच्या सेंट व्हाइटस कॅथेड्रलमध्ये त्याचा लाकडी क्रूस आहे, तो आधी बघा आणि मग बंगल्यावर उतरा.

बंगला त्याने स्वतःच आखला, १९१० च्या आसपास. लाल विटा, वरती सपाट छप्पर, आणि समोर... नाही, समोरचं सांगत नाही, स्वतः बघा. आत टेबल, खुर्च्या, दारांच्या मुठीसुद्धा त्याच्याच. त्याच्या बायकोने १९६३ मध्ये घर शहराला दिलं. बाहेर चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस देश सोडून निघालाय असा शिल्पगट आहे. हे सगळं एका छपराखालच्या मोठ्या दालनात नेऊन 'दालन क्रमांक १४' असं लेबल लावलं असतं तर मी दोन मिनिटांत पुढे गेले असते. मी त्या घरात दीड तास होते आणि बाहेर येऊन भावाला फोन केला.

ट्रामने जा, खोत्कोव्ही सादी थांबा. बंगला थांब्याला लागूनच. गुडघ्याला बरा.

---

खडूस_आजोबा

चेक लोकांच्या हातचं आम्हाला दोनच गोष्टींतून कळलं. एक जावा मोटरसायकल, जिला लाथ मारून मारून माझा गुडघा गेला. दुसरी कोहिनूरची पेन्सिल, जी मुलाने हरवली म्हणून वडिलांनी मला रागावलं, मुलाला नाही.

---

रंगधानी

आजोबा, कोहिनूर! ती पूर्ण शिशाची, वरून फक्त लॅकर लावलेली रंगीत कांडी! आमच्या वेळी ती ज्याच्याकडे असेल तो वर्गातला सावकार.

---

पणजीकर

हे सगळं वाचून हसू येतंय. विखुरलेल्या इमारतींत कला म्हणजे काय ते बघायला प्राग कशाला, डिसेंबरात पणजीला या. सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या दिवसांत जुनं जीएमसी (वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी इमारत), आदिलशहाचा राजवाडा, आणखी कुठली कुठली जुनी घरं, सगळीकडे काही ना काही लावलेलं असतं. एका दालनातून दुसऱ्याकडे जाताना मांडवीकाठी वारा खायचा, एक चहा घ्यायचा, नव्याने डोळे उघडायचे. बिनचूक म्हणतात तो खिळ्याचा त्रास खरा आहे. पण एका छपराखाली सहा तास फिरून तिसऱ्या तासाला डोळे मेलेले असतात, त्याचं काय? मुंबईच्या त्या गोल-गोल मजल्यांच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनातही (तोही जुना कावसजी जहांगीर हॉलच, आतून नव्याने केलेला) चौथ्या मजल्यापर्यंत माझी दमछाक होते.

फक्त आमचं आठ-दहा दिवसांचं असतं, त्यांचं बारा महिने. एवढा फरक मान्य.

---

बिनचूक

@पणजीकर, महोत्सव आणि संग्रह यांची गल्लत करताय. महोत्सवात वस्तू येतात आणि जातात. संग्रह जपावा लागतो, रोज, शंभर वर्षं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये काय केलं? टेकडीवर, संग्रहालय म्हणूनच इमारत उभी केली. म्हणून तिथे रविवर्मा आणि हेन्री मूर आजही एका छपराखाली नांदतात. ज्याला चित्राची चाड आहे तो आधी चित्राचं घर बांधतो, मिळालेल्या घरात चित्र कोंबत नाही.

@रंगधानी, भावाची गोष्ट वाचली. त्यावर वाद घालणार नाही.

---

इतिहासवेडा

ट्रोयाबद्दल कुणीच बोलेना म्हणून मध्ये पडतो. (अवांतर होईल, संपादकांनी सांभाळून घ्यावे.)

काउंट श्टेर्नबेर्कने सतराव्या शतकाच्या शेवटी हा उन्हाळी प्रासाद बांधून घेतला. हेतू सरळ होता, सम्राट लिओपोल्ड शिकारीला आला की त्याचं स्वागत इथे व्हावं. बागेकडच्या जिन्यावर ड्रेस्डेनच्या हेर्मान काका-पुतण्यांनी देव विरुद्ध राक्षस असं अख्खं युद्ध दगडात लावलंय. जिना चढताना पायाखाली राक्षस लोळत असतात. आणि वर मोठा दिवाणखाना. अँटवर्पहून आलेल्या गोडाँ बंधूंनी भिंती आणि छत इंचभर न सोडता रंगवलं. विषय हॅब्सबुर्ग राजघराण्याचा गौरव, त्यात १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांवर मिळवलेला विजय. एका कोपऱ्यात पराभूत तुर्क भिंतीवरून खाली कोसळतोय. त्याची सावली भिंतीवर अशी रंगवलीय की मी दोनदा वाकून बघितलं, भिंत सपाटच आहे.

आता १६८३ हे साल धरा. सप्टेंबरात तिकडे व्हिएन्ना सुटली. नोव्हेंबरात इकडे पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) फोंड्यावर चालून आला, संभाजीराजांनी तो परतवला आणि मराठे जुव्याच्या बेटावर उतरले. गोव्यात इतकी घबराट, की विजरईने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. एका साली दोन वेढे. तिकडच्याला गोडाँ भेटले, म्हणून आज तिकीट काढून बघतो आपण.

---

पणजीकर

शवपेटी अजून आहे ओ. तिकीटही नाही.

---

चुलीवरचा_चहा

ट्रोया शेजारीच प्राणिसंग्रहालय. २००२ च्या महापुरात तिथला गास्तोन नावाचा समुद्रसिंह तळ्यातून सुटला आणि व्लतावा नदीतून एल्बेत, एल्बेतून पार जर्मनीत पोचला. विटेनबेर्गजवळ पकडला, परत आणताना बिचारा गेला. त्याचा पुतळा आहे तिथे. मी तुर्काला बघितलं, राक्षसांना बघितलं, पण रडू आलं ते गास्तोनपाशी.

बस ११२, नाद्राझी होलेशोव्हित्से मेट्रोपासून. बागेत बाकं भरपूर.

---

टिंबटिंब

पुतळ्यांवरून आठवलं. मी तो केक बघून आलो त्या दिवशी चौकातल्या धर्मसुधारक यान हुसच्या पुतळ्याच्या कठड्याशी बसून पाय दाबत होतो. नंतर कळलं की रस्त्यावरच्या पुतळ्यांची देखभालही हेच शहर कलादालन करतं. म्हणजे मी तिकीट न काढता त्यांच्याच दालनात बसलो होतो की!

---

व्लतावाकाठी

अगदी बरोबर. पुलावरच्या मूर्तींचंही तेच बघतात. पावसाने आणि धुराने खंगलेल्या मूळ मूर्ती आत नेऊन प्रती बाहेर उभ्या करणं, हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. तेव्हा सहा नव्हे, रस्ता धरून सात.

आणि मुलांसाठी एक: ग्रंथालयाच्या प्रवेशद्वारात मातेय क्रेनचा पुस्तकांचा मनोरा आहे, साधारण आठ हजार पुस्तकं एकावर एक गोल रचलेली. फटीतून डोकं आत घातलं की वरखाली आरसे, विहीर संपतच नाही. रांग मोठी असते, सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. वरची प्रदर्शनाची दालनं त्याच वेळी रिकामी असतात, त्यामुळे रांगेत उभं राहायचं की वर जायचं ते ठरवा.

---

सदाशिवपेठी

आमच्याकडे आठ हजार पुस्तकं एकावर एक रचलेली कुठल्याही वाचनालयाच्या माळ्यावर दाखवतो. आरसे नाहीत, वाळवी आहे.

---

कोरी_पाटी

परत आलो! धागा खाली गेला होता, वर काढतेय. जसं झालं तसं सांगते.

ब्रनोला उतरलो. पस्तीस किलोमीटरांना जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला, पण लेक त्या कॅनव्हासखाली जमिनीवर मांडी घालून बसली ती उठेना. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य: "आई, याने एवढ्या उंचावर चढून चेहरे कसे काढले असतील, खालून बघायला माणूस होता का?" मला उत्तर आलं नाही. बिनचूक, तुमची आठवण काढली. गढीचा गिलावा उडालेला, आणि चित्रांपुढे तो कुणाला दिसत नव्हता.

प्रागला पोचताच एका चलन बदलणाऱ्या खिडकीने मला पद्धतशीर गंडवलं. पाटीवर एक भाव, हातात दुसरा. पावती बघेपर्यंत खिडकी बंद. व्लतावाकाठी काका, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत!

दगडी घंटेच्या घरात गेलो. आईंनी तळमजल्यावर दम घेतला, आम्ही वर. प्रदर्शन समकालीन होतं, पडद्यावर काहीतरी हलत होतं, मला ओ की ठो कळलं नाही. लेकीला कळलं म्हणे. मी खिडकीच्या खोल कोनाड्यातून चौकाकडे बघत बसले. बिनचूक बरोबर बोलले होते, मला विचाराल तर चित्राचं नाव सांगता येणार नाही.

ट्रोया सुटलं, पाऊस लागला. तुर्क आणि गास्तोन पुढल्या खेपेला.

आणि बीलेक. रंगधानी, तुम्ही "समोरचं सांगत नाही" असं लिहून थांबला होतात, ते बरं केलंत. ट्राममधून उतरलो. आई बंगल्यासमोर थांबल्या. मी माहितीपत्रक उघडून वाचायला लागणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अगं, या पेंढ्या आहेत." मी म्हटलं, कुठे? "हे खांब. बांधून उभ्या केलेल्या पेंढ्या. वर ओंब्या बघ ना, जाडसर." मग घराभोवती जरा पुढेमागे फिरल्या आणि हात अर्धगोल फिरवून दाखवला. "विळा फिरला की असं रान निघतं बघ. घर तसंच वाकडं आहे."

पत्रकात तेच लिहिलं होतं. कोयत्याच्या एका फेरात कापलेल्या धान्याच्या पट्ट्यावर बंगल्याचा आराखडा बेतलाय, आणि खांब म्हणजे धान्याच्या पेंढ्या. आईंचं माहेर सांगोल्याकडचं, लग्नापर्यंत सुगीला रानात असायच्या. मला हे घरात चोवीस वर्षं राहून आठवायचं नाही.

आत गेल्यावर त्यांनी एका दाराची मूठ धरून ठेवली. राखणदार बाई आल्या, आता ओरडणार असं वाटलं. त्यांनी फक्त हाताने 'हळूच' अशी खूण केली. लेकीने त्या मुठीवरचा हात काढलाय वहीत, चित्र नाही, नुसता हात.

---

रंगधानी

ताई, ते पान इथे टाका ना, लेकीची हरकत नसेल तर.

---

बिनचूक

वाचलं. माझं मत कायम आहे, पण ट्रामचा थांबा लिहून ठेवला.

---

कोरी_पाटी

@रंगधानी, लेक म्हणते अंगठा चुकलाय, नीट करून टाकते.

---

खडूस_आजोबा

त्या ट्रामला पायऱ्या किती, ते कुणी लिहीलच ना?

---

व्लतावाकाठी

आजोबा, नव्या गाडीत जवळपास नाहीत, जुनीत तीन उंच. थांब्यावर पाटीत चाकाच्या खुर्चीची खूण असते, ती गाडी येईपर्यंत थांबा. आणि चलन स्टेशनवर बदलू नका. हे आधी सांगायला हवं होतं, ताई, माफी असावी.